ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं? डिस्क बदलायच्या आधी हब मोजून घ्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम, राहायला साताऱ्यात, कामासाठी पुण्याला जाणं-येणं आणि अधूनमधून पाचगणी. हायवेला ८० ते १०० च्या मध्ये ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात थरथरतं, ४० च्या खाली आलं की काहीच नाही. मागच्या वर्षी हाच त्रास होता म्हणून पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवीन टाकले, पाच-सहा हजार किलोमीटर गाडी झकास चालली आणि आता परत तेच. मेकॅनिक म्हणतोय डिस्क बेंड झाली, पुन्हा बदलू. तुम्ही विचारताय की बदलायची का, लेथवर टर्न करून, म्हणजे कातून सपाट करून, भागेल का, आणि तोपर्यंत गाडी चालवायची का.

बदलू नका. म्हणजे शेवटी कदाचित बदलावी लागेलही, पण आत्ता, काही न मोजता, अजिबात नको. माझं रोजचं कामच ब्रेक आणि सस्पेन्शनचं आहे आणि तुमच्या सगळ्या वर्णनात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती एकच गोष्ट, की नवीन डिस्क टाकल्यावर गाडी आधी चांगली चालली आणि मग काही हजार किलोमीटरनी थरथर सुरू झाली. डिस्कची जाडी मुळातच असमान असती तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. हळूहळू सुरू झालं याचा अर्थ बहुतेक डिस्क चांगली होती पण ती ज्यावर बसवली ते नीट नव्हतं, आणि ते तसंच ठेवून तुम्ही तिसऱ्यांदा डिस्क टाकली तर पुढच्या दिवाळीला परत हाच प्रश्न घेऊन याल.

हे का होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण एकदा हे डोक्यात बसलं की कोणी तुम्हाला उगाच पार्ट विकू शकत नाही. "डिस्क बेंड झाली" हे आपल्याकडे सर्रास म्हणतात पण डिस्क बिडाची असते आणि बीड असं रोजच्या ब्रेकिंगने वाकत नाही. प्रत्यक्षात जे होतं ते म्हणजे डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. एका बाजूला समजा २०.०० एमएम आणि दुसरीकडे १९.९८. एवढ्याने काय होतंय असं वाटेल, पण १५-२० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग) फरक स्टेअरिंगला जाणवायला पुरेसा असतो, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो म्हणजे बघा. डोळ्याला दिसत नाही, बोट फिरवून कळत नाही, म्हणून मग "बेंड झाली" म्हणून मोकळे होतात.

आता हा जाडीचा फरक येतो कुठून? डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्या फिरत्या तबकडीला बोल्टने बसतं तिच्यावर बसते, मधे काही नाही, लोखंडावर लोखंड. जुनी डिस्क काढली की हबच्या तोंडावर गंजाचा थर असतो, विशेषतः व्हील बोल्टच्या बुडाशी आणि मधल्या गोल उंचवट्याच्या कडेला. घाईत असलेला माणूस त्यावर फडकं मारतो आणि नवीन डिस्क चढवतो. त्या गंजाचा ०.०५ एमएमचा पापुद्रा जरी एका बाजूला राहिला तरी डिस्क तेवढी तिरकी बसते, आणि डिस्कचा घेर हबच्या बसकेपेक्षा मोठा असल्यामुळे बाहेरच्या कडेला तोच तिरकेपणा दीड-पावणेदोनपट होतो. म्हणजे चाक फिरताना डिस्क आत-बाहेर डोलते. यालाच रनआउट म्हणतात, गॅरेजच्या भाषेत डिस्क आउट मारते.

गंमत अशी की नुसत्या रनआउटने सुरुवातीला काहीच जाणवत नाही, कारण पॅड धरून ठेवणारा कॅलिपर पिनांवर सरकणारा असतो, डिस्क डोलली की तोही तिच्याबरोबर थोडा डोलतो. म्हणून नवीन डिस्क टाकल्यावर गाडी चांगली वाटते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण तुम्ही ब्रेक दाबलेला नसतानाही पॅड डिस्कपासून फार लांब नसतात, पॅडला दाबणाऱ्या पिस्टनचं रबर सील त्यांना अगदी किंचित मागे ओढतं तेवढंच. मग डिस्कचा जो भाग बाहेर डोलतो तो प्रत्येक फेऱ्याला एका बाजूच्या पॅडला घासून जातो, आणि समोरचा भाग दुसऱ्या बाजूच्या पॅडला. तुमच्या मापाच्या टायरला एका किलोमीटरला साधारण ५०० फेरे होतात. पाच हजार किलोमीटर म्हणजे पंचवीस लाख वेळा त्याच जागी घासलं. तिथे डिस्क पातळ होते, बाकीची जाड राहते, आणि आता ब्रेक दाबल्यावर जाड भाग आला की पिस्टन मागे ढकलला जातो, ब्रेक जास्त पकडतो, पातळ भाग आला की सैल पकडतो. हेच तुमच्या हातात स्टेअरिंगमधून आणि थोडं पायात पेडलमधून येतं. तुमचे पाच-सहा हजार किलोमीटर या हिशोबात तंतोतंत बसतात.

८० ते १०० लाच का? तर ८० ला चाक सेकंदाला साधारण ११ फेरे मारतं, १०० ला १४ च्या आसपास. पुढचं सस्पेन्शन आणि स्टेअरिंग मिळून ज्या वेगाने स्वतःहून थरथरायला बघतात तो साधारण याच पट्ट्यात येतो, त्यामुळे छोटा धक्काही तिथे मोठा होऊन हाताला लागतो. ४० ला सेकंदाला जेमतेम साडेपाच-सहा फेरे, तिथे तोच दोष असतो पण जाणवत नाही. त्यामुळे स्पीड कमी झाल्यावर बरं वाटतं म्हणून दोष किरकोळ आहे असं समजू नका.

दुसरं कारणही तुमच्या बाबतीत शक्य आहे, कारण पाचगणीचा रस्ता. पाचगणी ते वाई पसरणी घाटात गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली उतरते. गाडी माणसांसकट १२०० किलो धरली तर तेवढी उतरण म्हणजे १०० च्या स्पीडवरून पूर्ण थांबण्याइतकी उष्णता तेरा-चौदा वेळा. यातली बरीचशी इंजिनने खायला पाहिजे, पण लोक चौथ्या-पाचव्या गिअरला उतरतात आणि सगळा भार ब्रेकवर टाकतात, काही जण तर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करतात, जे धोक्याचं आहे आणि त्यात पेट्रोल वाचतही नाही, कारण गिअरमध्ये असताना उतारावर इंजेक्शनवाली इंजिनं इंधन जवळपास बंदच करतात. मग डिस्क तापलेली असताना वाईत येऊन गर्दीत ब्रेक गच्च दाबून उभे राहतात, आणि त्या गरम पॅडचं मटेरियल डिस्कला त्या एका जागी चिकटतं. तो ठसा म्हणजे परत जाडीत फरक. तिथून पुढे तो ठसा बाकीच्या डिस्कपेक्षा जास्त पकडतो, जास्त तापतो, अजून मटेरियल ओढतो, असं वाढत जातं. घाट उतरून आल्या आल्या वॉशिंगला लावून चाकावर प्रेशरने गार पाणी मारणं हेही टाळा. अर्धा तास गाडी थांबू दे की, काही बिघडत नाही.

घाटाचा नियम सोपा आहे, ज्या गिअरला चढला असता त्याच गिअरला उतरा. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका, स्पीड वाढला की एकदा नीट दाबा, कमी करा, पूर्ण सोडा, हवा लागू दे. आणि खाली आल्यावर थांबायची वेळ आली तर शेवटी पाय जरा ढिला करून गाडी वीतभर पुढे सरकू द्यायची, नाहीतर सपाट जागा असेल तर इंजिन बंद करून, ब्रेक सोडून नुसती गिअरमध्ये ठेवायची.

बरं, आता निदान. आधी रस्त्यावरचं, यात खर्च शून्य आहे.

त्याच रस्त्याला त्याच स्पीडला ब्रेक न दाबता बघा. ९० ला नुसती चालवताना पण स्टेअरिंग हलत असेल तर ब्रेकला सध्या सोडा, आधी व्हील बॅलन्सिंग करा, रिम बेंड आहे का बघा, टायरला कुठे फुगा आलाय का हात फिरवून बघा. खड्ड्यात रिमची आतली कड वाकते आणि ती बाहेरून दिसत नाही, बॅलन्सिंग मशिनवर चाक फिरत असताना आतल्या बाजूने बघायला सांगा. बाहेरून घेतलेले अलॉय असतील तर बऱ्याचदा मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं आणि मधे रिंग टाकलेली नसते, नटची बसक पण वेगळी असू शकते, तेही तपासा. तुम्ही लिहिलंय की ब्रेक न दाबता गाडी एकदम शांत असते, म्हणजे हा भाग तुमच्यापुरता संपला.

नंतर बघा की थरथर कुठे येते. स्टेअरिंगला येत असेल तर पुढची चाकं. स्टेअरिंग शांत आणि सीटखाली, फ्लोअरला धडधड येत असेल तर मागचे ड्रम. शंका असेल तर हँडब्रेकने कळतं: मोकळं मैदान किंवा रिकामा आतला रस्ता, मागे-पुढे कोणी नाही, रस्ता कोरडा, स्पीड ३०-४०, हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबूनच धरायचं आणि हळूच ओढायचं, जरा काही वाटलं की लगेच सोडायचं. हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो, त्यामुळे तेव्हा धडधड आली तर ड्रम गोल राहिलेला नाही. हायवेला हे करू नका, पावसात करू नका, आणि बटणवाला इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर मुळीच करू नका.

एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली कडकड करतं आणि घर्र आवाज येतो, ते एबीएसचं काम चालू आहे, दोष नाही. पण हळू ब्रेक दाबून थांबताना अगदी १०-१५ च्या स्पीडला पेडल असं कडकडलं तर चाकाच्या सेन्सरवर चिखल-गंज बसलाय किंवा बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय. ती वेगळी भानगड आहे, स्कॅनर लावून चारी चाकांचे स्पीड एकत्र बघितले की सापडते. तुमचं तसं नाहीये.

आता गाडी जॅकवर. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, स्टँड लावायचाच, हे वारंवार सांगावं लागतं म्हणून इथेही सांगतो. चाक १२ आणि ६ वर धरून हलवा, प्ले लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ९ आणि ३ वर धरून हलवा, तिथे प्ले म्हणजे टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, हे स्टेअरिंगचे सांधे. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) मागचा बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर, टॉर्चने बघा, रबर फाटून मधली नळी एका बाजूला सरकलेली दिसेल. मात्र हे लक्षात घ्या की फाटका बुश थरथर तयार करत नाही, असलेली थरथर वाढवून दाखवतो. त्यामुळे नुसता बुश बदलल्यावर थरथर निम्मी होते, लोक समाधानी होतात, आणि डिस्कमधला दोष आत वाढत राहतो. दोन्ही करायचं. आणि उलटही खरं आहे, डिस्क चांगली केली पण बुश फाटकाच ठेवला तर ब्रेक मारताना चाक मागे जातं, गाडी एका बाजूला ओढते.

कॅलिपरच्या पिना हाताने सरकल्या पाहिजेत. पक्कड लागत असेल तर त्या जाम आहेत. खूण सोपी आहे, आतला पॅड संपत आलेला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक, किंवा एकाच पॅडचं एक टोक जास्त झिजलेलं. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप तापतं हेही लक्षण, हात लावून बघू नका, भाजेल, रिमच्या जवळ तळहात नेला तरी कळतं. पिना काढून, पुसून, रबरी बूट शाबूत आहेत ना बघून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावायचं. डब्यातलं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन आधीपेक्षा जास्त जाम होते. पिस्टन मागे ढकलताना सहज जातोय ना तेही बघा, त्याच्या बाहेरचं रबर फाटून आत पाणी गेलं असेल तर पिस्टनवर गंजाचे डाग पडलेले दिसतात आणि तिथे तो अडकतो.

आता मुख्य काम. हे करणारा माणूस शोधा, थोडं लांब जावं लागलं तरी चालेल. लागतं फार काही नाही, मॅग्नेटवाला डायल गेज (डिस्क किती डोलते ते काट्यावर दाखवणारं) आणि जाडी मोजायला एक मायक्रोमीटर. चाक काढायचं, कॅलिपर काढून तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला अडकवायचा, ब्रेक ऑइलच्या रबरी होजवर लोंबकळत ठेवायचा नाही. डिस्क हबवर सगळे नट वॉशर घालून व्यवस्थित आवळायची, कारण चाक काढल्यावर डिस्क सैल असते आणि सैल डिस्कवर घेतलेलं माप काहीच सांगत नाही. डायलचा मॅग्नेट स्ट्रटला, म्हणजे चाकाच्या मागच्या उभ्या शॉकअपला, चिकटवायचा, सुई डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण १० एमएम आत टेकवायची, आणि हाताने हळू एक पूर्ण फेरा द्यायचा. डायलचं एक घर म्हणजे ०.०१ एमएम. काटा पाच घरांच्या आत फिरला तर उत्तम, दहाच्या वर गेला तर नक्की गडबड. मधली मर्यादा प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते, त्याप्रमाणे जायचं.

समजा काटा बारा घरं फिरला. आता डिस्क दोषी की हब? ज्या जागी काटा सगळ्यात वर गेला तिथे डिस्कवर खडूने खूण करायची, आणि तिच्या समोरच्या बोल्टवरही खूण करायची. डिस्क काढायची, तुमच्या गाडीला चार बोल्ट आहेत, तर दोन भोकं पुढे म्हणजे अर्धा फेरा फिरवून परत आवळायची आणि परत डायल लावायचा. सगळ्यात वरची जागा डिस्कवरच्या खुणेबरोबर फिरली तर दोष डिस्कमध्ये आहे. ती जागा त्याच बोल्टपाशी राहिली तर दोष हबमध्ये आहे, आणि मग जगातली सगळ्यात महाग डिस्क टाकली तरी ती आउटच मारणार. दहा मिनिटांचं काम आहे हे. काही गाड्यांत डिस्क दोन छोट्या स्क्रूंनी हबला धरलेली असते, तिथे डिस्क अशी फिरवून पुढे वापरता येईलच असं नाही, पण मोजायला स्क्रू न लावता फिरवता येते.

हब दोषी निघाला म्हणजे घाबरायचं नाही, बहुतेक वेळा तो फक्त गंजलेला असतो. वायर ब्रश, मग बारीक एमरी पेपर, बोल्टच्या बुडाशी गोल फिरवून, मधल्या उंचवट्याची कड पण साफ करायची, आणि डिस्कची आतली बसक पण तशीच. चकाकणारं लोखंड दिसेपर्यंत. ग्राइंडरला खरखरीत चकती लावून हे करू नका, त्याने हबचं तोंडच असमान होतं आणि मग खरंच हब बदलावा लागतो. साफ केल्यावर डायल थेट हबच्या तोंडावर लावून बघायचा, तिथे काटा फारसा हलता कामा नये. तरीही हलत असेल तर हब किंवा बेअरिंग गेलंय, खड्ड्यात जोरात आपटलेल्या गाड्यांत हे सापडतं. आणि हब-डिस्कच्या मधे ग्रीसचा जाड थर थापू नका, सफाईच पुरे.

मायक्रोमीटरने डिस्कची जाडी आठ ठिकाणी घ्यायची, कडेपासून सारख्याच अंतरावर, आणि प्रत्येक आकडा खडूने त्या त्या जागी लिहायचा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यातला फरक ०.०१५ च्या वर गेला तर थरथरीचं कारण हेच. व्हर्निअर कॅलिपरने हे माप घेता येत नाही, तेवढा बारीक फरक त्यात पकडला जात नाही, शिवाय कडेला जी वर आलेली धार असते तीच मापात येते.

टर्निंगबद्दल विचारलंय. चालतं, पण अटी आहेत. प्रत्येक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, कट मारून झाल्यावरही डिस्क त्याच्या वर राहिली पाहिजे, आणि अगदी काठावर राहून उपयोग नाही कारण पुढे झिजणार आहेच. तुमच्या डिस्कला वर्षही झालं नाही त्यामुळे जाडी भरपूर असणार. दुसरं, दोन्ही तोंडं एकाच सेटिंगमध्ये कापली गेली पाहिजेत. गल्लीतल्या लेथवाल्याने एक बाजू कापून, उलटी पकडून दुसरी कापली तर दोन्ही बाजू एकमेकींना समांतर राहत नाहीत आणि तुम्ही थरथर पैसे देऊन विकत आणता. त्याला स्पष्ट सांगा की पकड डिस्कच्या आतल्या साफ केलेल्या बसकेवरच पाहिजे. गाडीवरच डिस्क टर्न करायचं मशिन कुठे मिळालं तर सगळ्यात उत्तम, कारण त्यात हबचा जो काही आउट आहे तो धरून डिस्क सरळ होते, पण आपल्याकडे ते फार थोड्या ठिकाणी आहे. तिसरं, डिस्कवर निळे-काळे डाग पडले असतील तर टर्निंगला पैसे घालू नका. तिथे बीड सातशे अंशांच्या वर तापून कडक झालेलं असतं, ती कडक जागा खोलवर जाते, लेथवर वरून सपाट झाली तरी बाजूचं मऊ बीड लवकर झिजतं आणि तो डाग पुन्हा वर येतो. अशी डिस्क बदलायचीच, आणि दोन्ही बाजूंची जोडीने.

पॅडचं पण बघा. टर्न केलेल्या किंवा नवीन डिस्कवर जुने, ठसा बसलेले पॅड घालू नका. बाजारात डुप्लिकेट पॅड ढीगभर आहेत, खोका सेम टू सेम असतो, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. नवीन डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं ते ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसा, दोन्ही बाजू.

बसवून झाल्यावर पॅड बसू द्यायचे असतात आणि हे आपल्याकडे जवळजवळ कोणी सांगत नाही. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, परत ६० पर्यंत जायचं, मधे अर्धा-एक मिनिट हवा लागू द्यायची, असं आठ-दहा वेळा. शेवटी पाच-सात किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता चालवून गार करायचं. याने पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. हे न करता पहिल्याच दिवशी घाट उतरलात तर तो थर ठिपक्या-ठिपक्यांनी बसतो.

आता एक गोष्ट जी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि जिच्यावर मला मनापासून चिडचिड होते, ती म्हणजे चाकाचे नट. पंक्चरच्या दुकानात पोरगा हवेच्या गनने नट टर्रर्र करून आवळतो, एक गच्च, एक त्याहून गच्च, एक कमी, तेही गोलाकार क्रमाने. नाहीतर पान्यावर पाय देऊन उभा राहतो. ७० किलोचा माणूस २५ सेंटिमीटरच्या पान्यावर उभा राहिला तर १७० न्यूटन मीटर होतात, आणि छोट्या गाड्यांना हवे असतात साधारण ८५ ते १२०, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. डिस्क हब आणि चाकाच्या मधे दाबलेली असते, नट कमी-जास्त आवळले की डिस्कची बसक तेवढी पिळवटते, साफ हबवर बसवलेली चांगली डिस्कसुद्धा आउट मारायला लागते. म्हणून मागच्या वेळी डिस्क टाकल्यानंतर कधी पंक्चर काढलं, टायर फिरवून घेतले, अलाइनमेंट केली का ते आठवून बघा, तिथूनही हे सुरू झालेलं असू शकतं. उपाय असा की नट आधी हाताने बसवायचे, मग समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन, दोन टप्प्यांत, आणि शेवटचा दाब टॉर्क पान्यानेच. टॉर्क पाना विकत घ्यायला हरकत नाही, एका डिस्कच्या जोडीपेक्षा स्वस्त पडतो आणि आयुष्यभर पुरतो. दुकानदाराला "भाऊ, गन फक्त सोडायला वापरा, आवळायचं मी बघतो" एवढं सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही.

मागच्या ड्रमचं तुम्हाला सध्या लागू नाही पण पावसाळ्यासाठी सांगून ठेवतो. गाडी आठ-पंधरा दिवस ओल्यात उभी राहणार असेल, कोकणात गावाला ठेवणार असाल तर जास्तच, तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू (ड्रमच्या आतले ब्रेकचे पॅड) ड्रमला चिकटतात आणि तिथे गंजाचा पट्टा उमटतो. सपाट जागेवर पहिल्या गिअरला ठेवून चाकाला पुढून-मागून दगड लावा. डिस्कवर रात्रीत जो तांबूस गंज चढतो त्याचं टेन्शन घेऊ नका, पहिल्या चार-पाच ब्रेकला तो निघून जातो.

मेकॅनिकशी भांडू नका. तो वाईट माणूस आहे म्हणून डिस्क बदला म्हणतोय असं नाही, बहुतेकांना डायल लावायला कोणी शिकवलेलंच नसतं आणि गिऱ्हाईकही मोजायचे पैसे द्यायला तयार नसतं, पार्टचे देतं. त्याला सरळ सांगा की मोजायची मजुरी वेगळी देतो, हबचं आणि डिस्कचं माप माझ्यासमोर घ्या. माझा अंदाज असा की हबवर गंज सापडेल, डिस्कच्या जाडीत २०-३० मायक्रॉनचा फरक निघेल, हब साफ करून डिस्क नीट टर्न केली, पॅड नवीन टाकले आणि नट टॉर्कने आवळले की काम होईल. अंदाज चुकला तर मापच सांगेल पुढे काय करायचं, आकडे इथे लिहा, मी बघतो.

तोपर्यंत गाडी चालवायची का? थरथर नुसती स्टेअरिंगला आहे, पेडल वर आणि कडक आहे, गाडी सरळ थांबते, तर आठवडाभर गावातल्या गावात आणि बेताच्या स्पीडला चालवायला हरकत नाही, घाट मात्र नको. पण पेडल खाली जायला लागलं किंवा स्पंजसारखं मऊ लागलं, ब्रेक ऑइलची पातळी उतरली, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, किंवा चाकाजवळून जळका वास आला, तर एक किलोमीटरही चालवू नका, टोइंग बोलवा. आणि हो, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो, दोन वर्षं झाली असतील तर याच कामात बदलून घ्या, कॅलिपर उघडणारच आहेत.